गाडी एका बाजूला झुकलीय? स्प्रिंग घरी बदलण्याआधी हे वाचा

उद्या सकाळी गाडी काढण्याआधी दहा-बारा पावलं मागे जा आणि तिच्याकडे मागून बघा. धुताना, पुसताना आपण गाडीच्या इतके जवळ असतो, की ती सरळ उभी आहे की नाही हे लक्षातच येत नाही. चेन्नईत आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये मला हे वॉचमनने दाखवलं. त्याचं तमिळ माझ्या डोक्यावरून गेलं, तेव्हा त्याने एक खांदा खाली पाडून, लंगडत दोन पावलं टाकून दाखवली. बघतो तर मागचा डावा कोपरा खरंच खाली गेलेला. टायरमध्ये हवा होती, डिकी रिकामी होती. वाकून मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तर मागच्या स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा तुटला होता आणि चार बोटं लांबीचा गंजका तुकडा तिथेच अडकून होता.

आठवड्याभरापूर्वी एका स्पीड ब्रेकरवर खालून टण्ण आवाज आला होता. मुलीने विचारलंही, "बाबा, काय तुटलं?" मी म्हटलं, "काही नाही गं, दगड लागला असेल."

तुमच्याही गाडीचं असं झालं, तर पहिला प्रश्न हाच येतो, की हे काम घरी जमेल का? इंटरनेटवर व्हिडिओ ढीगभर आहेत आणि सगळ्यांत ते अर्ध्या तासात संपतं. माझं उत्तर असं आहे: अर्धं काम घरी जमतं, अर्धं करू नये. हा अर्ध कुठे संपतो, ते मात्र नीट माहीत हवं. तिथे चूक झाली तर हात-तोंड फुटू शकतं, जीवही जाऊ शकतो.

आधी एक घोळ मिटवू. स्प्रिंग आणि शॉकअप या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. खड्ड्यातून गेल्यावर ती खालीवर नाचत राहू नये म्हणून तिला आवरतो तो शॉकअप. साध्या मोटारीची स्प्रिंग अशी निवडतात की गाडी सेकंदाला साधारण एक ते दीडदा झुलावी. आपण चालतो तेव्हा शरीर ज्या ठेक्यात हलतं, त्याच्या जवळपासचा हा ठेका आहे, म्हणून तो आपल्याला त्रासदायक वाटत नाही. बॉनेटचा कोपरा जोराने दाबून सोडा. गाडी वर येऊन जागच्या जागी थांबली तर शॉकअप बरा आहे. दोन-तीन हेलकावे खाल्ले तर तो गेला. पण गाडी उभ्या उभ्याच एका बाजूला खाली बसली असेल, तर संशय स्प्रिंगवर घ्या. गॅरेजमध्ये "शॉकअप बदला" असं सांगून आलात तर नवे शॉकअप घातलेली गाडी तशीच वाकडी घरी येईल.

चेन्नईत स्प्रिंगांच्या मागे दोन शत्रू आहेत. एक, समुद्राचा खारा वारा. बेझंट नगर, तिरुवान्मियूर, नीलांकराई या बाजूला राहणाऱ्यांच्या खिडकीच्या गजांना जे होतं तेच गाडीच्या पोटाखाली होतं, फक्त ते दिसत नाही. दुसरा, पाणी. डिसेंबर २०१५ चा पूर इथे कुणी विसरलेलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या पावसात पुन्हा वस्त्याच्या वस्त्या पाण्यात गेल्या. त्यानंतर लोक इतके सावध झाले, की ऑक्टोबर २०२४ मध्ये मोठ्या पावसाचा इशारा येताच वेळचेरीच्या लोकांनी आपापल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन रांगेत लावल्या. इंजिन आणि गालिचे वाचवायला हे शहाणपणाचंच. पण ज्यांची गाडी चाकं बुडेपर्यंत पाण्यात उभी राहिली, ते इंजिन सुरू झालं की देवाचे आभार मानून मोकळे होतात. स्प्रिंगच्या खालच्या बशीत साचलेला गाळ तसाच राहतो.

स्प्रिंगचं पोलाद कडक असतं आणि कारखान्यात तिच्यावर बारीक छऱ्यांचा मारा करून वरचा थर घट्ट दाबून घेतात, म्हणजे तडा सहजी सुरू होत नाही. वर रंगाचा जाड थर असतो. रस्त्यावरच्या खडीने तो रंग एका जागी उडाला, तिथे खारं पाणी बसलं, की सुईच्या टोकाएवढा गंजाचा खड्डा पडतो. मग दर धक्क्याला तो खड्डा थोडा थोडा उसवत जातो आणि एक दिवस टण्ण होतं. सगळ्यात खालच्या वेढ्यात पाणी आणि माती जास्त वेळ टिकते, म्हणून तुटण्याची नेहमीची जागा तीच. तुटलेलं टोक अणकुचीदार असतं. पुढच्या चाकाजवळ ते सरकून टायरला लागलं तर टायर आतल्या बाजूने कापला जातो, आणि आतली बाजू कोण बघतं? कोकणपट्टीत, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांनी हे सगळं आपल्यालाही लागू आहे असं समजावं.

चेन्नईला या विषयाची जुनी ओळख आहे, म्हणून थोडं आडवळण. माउंट रोडवरची सिम्प्सन कंपनी १८४० पासूनची. ती मुळात घोडागाड्या बांधायची, आणि घोडागाडीत बसणाऱ्याची हाडं वाचवायची तर पाट्यांची स्प्रिंग हवीच. याच कंपनीतल्या सॅम्युएल जॉन ग्रीन यांनी १९०३ मध्ये वाफेवर चालणारी मोटार बनवली. पुढे १९६१ पासून मद्रासमध्येच स्टँडर्ड हेराल्ड बनू लागली. तिच्या मागच्या चाकांना मिळून एकच आडवा पाटा असायचा, पुढे मात्र गुंडाळीच्या स्प्रिंगा. तिचं बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलगडायचं. मग टायरवर बसून समोरच्या स्प्रिंगकडे आरामात बघत काम करता यायचं. घरी दुरुस्ती करणाऱ्याला इतकी सोयीची गाडी पुन्हा झाली नसेल. आताच्या मोटारींमधून पाटे जवळजवळ गेलेच. ते ट्रक, टेम्पोला उरलेत, आणि निवृत्त झाल्यावर आपल्या गावच्या लोहाराकडे जाऊन कोयते होतात.

आता घरचं काम. पहिलं काम मोजमापाचं आणि ते पोरांनाही देता येईल. सपाट जागा शोधा. इमारतीखालची फरशी बरी, रस्ता नको. चारही टायरांत हवा सांगितल्याप्रमाणे भरा, डिकी रिकामी करा, गाडी थोडी पुढेमागे हलवून थांबवा. मग शिवणकामाची टेप घ्या आणि चाकाच्या बरोबर मधल्या बिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा. चारही चाकांचं. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरची झीज मधे येते. वहीत लिहा. पुढच्या दोन चाकांत किंवा मागच्या दोन चाकांत पाच-सात मिलिमीटरचा फरक असला तर घाबरायचं कारण नाही. दोन सेंटीमीटर असला तर खाली वाकून बघायलाच हवं. आमच्याकडे मागच्या दोन चाकांत सव्वादोन सेंटीमीटरचा फरक निघाला. ही वही जपून ठेवा, पुढे तिचाच आधार घ्यायचा आहे.

पाना हातात घेण्याआधी मुलांना एक प्रयोग दाखवा, आणि स्वतःही बघा. बॉलपेन उघडा, आतली बारीक स्प्रिंग बोटांत दाबा आणि सोडा. ती कुठल्या कुठे उडते. रॉबर्ट हुकने १६७८ मध्ये मांडलेला नियम असा, की स्प्रिंग जितकी दाबाल तितका तिचा उलटा जोर. त्यामुळे दुप्पट दाबली की तिच्यात साठलेली शक्ती चौपट होते. आता मोटारीची स्प्रिंग घ्या. लहान गाडीतली एक स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला साधारण दोन किलोचा भार लागतो असं धरा. ती पंधरा सेंटीमीटर दाबलेली असेल तर तिचा जोर तीनशे किलो. तिच्यात साठलेली शक्ती म्हणजे घरातला भरलेला गॅस सिलिंडर पाऊण मीटरवरून, जवळपास ओट्याच्या उंचीवरून, पडावा एवढी. सिलिंडर पडताना दिसतो तरी, आणि खाली पडतो. स्प्रिंग कुठेही उडते, आणि तुम्ही तिच्यावर वाकलेले असता.

म्हणून मोकळी स्प्रिंग आणि दाबलेली स्प्रिंग यांत फरक करायचा. मोकळी होऊ शकते ती घरी. दाबूनच काढावी लागते ती घरी नाही.

बऱ्याच लहान आणि मध्यम गाड्यांत मागची स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी, शेजारी बसवलेली असते. वाकून बघा. दोन्ही वेगवेगळे दिसले तर नशीबवान आहात. मागेही स्प्रिंग शॉकअपभोवतीच गुंडाळलेली दिसली, तर पुढच्या चाकांबद्दल जे खाली सांगतो तेच लागू.

वेगळ्या स्प्रिंगचं काम असं. गाडी जमिनीवर असतानाच चाकांचे नट थोडे सैल करा. मागची बाजू उचलायची आहे, आणि हँडब्रेक मागच्याच चाकांवर लागतो. चाकं हवेत गेली की हँडब्रेकचा उपयोग शून्य, हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. तेव्हा गाडी गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. गाडीसोबत आलेला जॅक फक्त स्टेपनी बदलण्यापुरता आहे, त्याच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नका. चाकांचा ट्रॉली जॅक आणि वजन लिहिलेले दोन लोखंडी स्टँड लागतात. गाडीच्या माहितीपुस्तकात जॅक लावायच्या जागा दाखवलेल्या असतात, स्टँड तिथेच. विटा आणि सिमेंटचे पोकळ ठोकळे नकोत. ते चिरडतात तेव्हा आधी सांगत नाहीत. स्टँड लावल्यावर गाडीला खांद्याने चांगला धक्का देऊन बघा. पडायची असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे.

चाकं काढा. आता मागच्या आसाच्या आडव्या तुळईखाली ट्रॉली जॅक लावून तिला जेमतेम आधार द्या. तो आधार असतानाच दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा. मग जॅक अगदी हळूहळू उतरवा. तुळई खाली येते, स्प्रिंगवरचा दाब संपतो आणि ती हलवली की हातात येते. उतरवताना डोळे ब्रेकच्या रबरी नळीवर ठेवा. ती ताणली जायला लागली तर थांबा. वरचं आणि खालचं रबर कुठे, कसं होतं याचा आधीच फोटो काढून ठेवा. नवी स्प्रिंग बसवताना तिचं टोक बशीतल्या खाचेला टेकलंच पाहिजे. बशी आधी घासून कोरडी करा, गाळ सगळा काढा. आमच्या बशीतून मूठभर काळी माती निघाली.

हे काम मला सकाळी सात ते साडेअकरापर्यंत पुरलं, त्यात एक तास एका गंजलेल्या बोल्टने खाल्ला. अशा बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. मी मारलं नव्हतं.

पुढच्या चाकांचं प्रकरण वेगळं. बहुतेक गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकी इंजिनिअरची ही कल्पना. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात, जागा कमी, खर्च कमी. म्हणून ती जगभर पसरली. यात स्प्रिंग कायम दाबलेल्या अवस्थेत कैद असते, गाडीतून खांब बाहेर काढला तरी. तिला धरून ठेवतो खांबाच्या माथ्यावरचा मधला एक नट.

बॉनेट उघडल्यावर दोन्ही कोपऱ्यांत तुम्हाला साधारणपणे एक मोठा नट मध्ये आणि त्याच्याभोवती दोन-तीन छोटे नट दिसतील. भोवतालचे छोटे नट खांबाला गाडीशी जोडतात. मधला नट स्प्रिंगला खांबात कोंडतो. खांब गाडीतून काढायचा तर छोटेच सोडायचे. मधल्याला हात लावायचा नाही, "थोडासा सैल करून ठेवतो" असंही नाही. घरातल्या प्रत्येक हौशी माणसाला हा नट दाखवून ठेवा.

स्प्रिंग दाबून धरणारे आकडे आणि लांब स्क्रू यांचा जोड ऑनलाइन स्वस्तात मिळतो. त्याचा मोह होतो. मलाही झाला. पण आकडा वेढ्यावरून सरकला, एक बाजू जास्त आवळली गेली, स्क्रूच्या आट्या घसरल्या, यांतलं एकही झालं तरी तो गॅस सिलिंडर तुमच्या चेहऱ्यासमोर सुटतो. गंजलेल्या, तडा गेलेल्या स्प्रिंगवर आकडा लावणं तर आणखी वाईट. म्हणून माझा मार्ग असा: हाताशी चांगली हत्यारं आणि माहितगार सोबती असेल तर पूर्ण खांब घरी काढा. त्यासाठी पुढची बाजू उचलून स्टँडवर घ्या, या वेळी हँडब्रेक लावा आणि ठोकळे मागच्या चाकांना. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर खांबावरून सोडवा, लिंक रॉड सुटा करा, खालचे दोन बोल्ट खडूने खुणा करून काढा, आणि शेवटी वरचे छोटे नट. वरचे नट सुटताना खांब खालून कुणीतरी धरलेला हवा. मग खांब पोत्यात गुंडाळून, रिक्षात घालून गॅरेजमध्ये न्या, जिथे भिंतीला किंवा जमिनीला पक्कं बसवलेलं स्प्रिंग दाबायचं मशीन आहे. स्प्रिंग ते बदलून देतील. एवढाही व्याप नको असेल तर सरळ गाडीच तिकडे न्या, त्यात कमीपणा काही नाही.

पुढच्या वर्षी आमच्या पुढच्या स्प्रिंगा बदलायच्या ठरल्या तेव्हा मी असंच केलं. गॅरेजमधला म्हातारा मिस्त्री मशीनचा दांडा फिरवताना शिकाऊ पोराला सारखं "मेदुवा, मेदुवा" म्हणत होता. मेदुवडा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला जातो, पण त्यातला 'मेदु' म्हणजे मऊ हे मला तिथे कळलं. मेदुवा म्हणजे हळू, अलगद. तो पोरगा स्प्रिंगच्या रेषेत कधीच उभा राहत नव्हता, नेहमी बाजूला. एवढी एक गोष्ट मी कुठल्याही व्हिडिओत पाहिली नव्हती.

खरेदीकडे वळू. चेन्नईत नव्या सुट्या भागांसाठी माउंट रोडजवळचा जनरल पॅटर्स रोड, सगळ्यांच्या तोंडी जीपी रोड. जुन्यासाठी कूवम नदीच्या बाजूचं पुदुपेट. तिथे गल्लीभर सुटे केलेले दरवाजे, बंपर, दिवे, अख्खी इंजिनं रचलेली असतात. आरशाची काच, दाराचं हँडल तिथून खुशाल घ्या. स्प्रिंग घेऊ नका. तिने आधी किती खड्डे खाल्ले, कुठे पाण्यात उभी होती, हे वरून कळत नाही, आणि नवा काळा रंग मारलेला असेल तर मुळीच नाही. मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारातून घेतानाही हाच नियम.

स्प्रिंग गाडीच्या मॉडेलवर नाही, पार्ट नंबरवर घ्या. पेट्रोल आणि डिझेल गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा सहसा वेगळ्या असतात, कारण डिझेल इंजिन जड. वेढ्यांवर रंगाचे पट्टे असतात, ती त्यांची ओळख. जुन्या स्प्रिंगवरचे पट्टे दिसत असतील तर फोटो काढून दुकानात दाखवा. आणि जोडीनेच घ्या. दुकानदाराने मला हे सांगितलं होतं. मला वाटलं, त्याला विकायचंय. मी एकच आणली, साडेअकरा वाजता घामाने निथळत काम संपवलं, टेपने मोजलं, तर आता डावी बाजू उजवीपेक्षा दीड सेंटीमीटर उंच! उजवी जुनी स्प्रिंग तुटली नव्हती, पण वर्षांच्या ओझ्याने बसली होती. पुढच्या रविवारी पुन्हा तेच सगळं, पुन्हा जीपी रोड. दुकानदार काही बोलला नाही, फक्त हसला.

दोन गोष्टींपासून लांब राहा. गाडी खाली दिसावी म्हणून काही पोरं स्प्रिंगचे वेढे कापून घेतात. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, बशीत नीट बसत नाही आणि मोठ्या खड्ड्यात जागा सोडू शकते. शिवाय कारखान्याने ठरवलेल्या रचनेत असा बदल करायला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मनाई आहे. मूळ मापाचीच नवी स्प्रिंग घालणं हा बदल नाही, त्याची चिंता नको. दुसरी गोष्ट म्हणजे वेढ्यांच्या मध्ये खोचायचे रबरी ठोकळे, "गाडी उंच होते" म्हणून विकले जाणारे. रबर जिथे बसतं तिथला वेढा हलेनासा होतो, त्याचा भार उरलेल्यांवर जातो, आणि रबराखाली पाणी साचून गंज धरतो तो वेगळाच. बसलेल्या स्प्रिंगवर हा इलाज नव्हे.

सगळं जोडून झालं की एक बारकावा राहतो. ज्या बोल्टमध्ये रबरी बुश आहे, तो चाकं हवेत असताना पूर्ण आवळू नका. आधी हाताने बसवा, गाडी जमिनीवर उतरवा, तिचं वजन चाकांवर आलं की मग शेवटचा आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. किती जोराने आवळायचं ते गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात असतं, आणि त्यासाठी टॉर्क पाना लागतो. तो एखाद्या ओळखीच्या गॅरेजकडून मागून आणा.

पहिली फेरी गल्लीतच, खिडक्या खाली करून, रेडिओ बंद. ब्रेक दाबून बघा, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, एक स्पीड ब्रेकर सावकाश ओलांडा. पुढच्या स्प्रिंगा बदलल्या असतील तर व्हील अलाइनमेंट त्याच आठवड्यात करून घ्या, कारण खालचे बोल्ट काढले की चाकाचा कोन थोडा तरी हलतोच. शंभरेक किलोमीटर झाले की चाकांचे नट आणि काढलेले सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासा, आणि वही काढून चारही अंतरं मोजा. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही दिवसांत किंचित खाली बसतात. आमच्या मागच्या दोन्ही बाजू चार मिलिमीटरने खाली आल्या, दोन्ही सारख्या. टेप धरायला मुलगी होती. आकडे तिनेच लिहिले, आणि खाली कंसात "दगड नव्हता" असंही.